रफू केलेला आवाज

"आजपासून अंतर ही गोष्ट इतिहासजमा झाली," संजीवन सहकारी गृहनिर्माण संस्थेचे चेअरमन विश्वासराव निकम माइकपुढे उभे राहून म्हणाले. "माणसाला माणसापासून तोडणारी शेवटची भिंत आज आपण..."

"मागं ऐकू येत नाही," मागच्या रांगेतून आवाज आला.

मागची रांग माइकपासून तीस फुटांवर होती. जिनपाल चौगुले उठले, माइकच्या बुडाशी वायर दाबून धरून बसले, आणि मग अंतर पुन्हा पहिल्यापासून इतिहासजमा झालं. या खेपेला टाळ्याही पडल्या, कारण तेवढ्यात चहाचा ट्रे आत आला होता.

जिनपाल चौगुले म्हणजे कॉलनीचे अण्णा. वय एकाहत्तर. सांगली, मिरज, जयसिंगपूर, कोल्हापूर या टापूत जिथं जिथं टेबलावरचा फोन इंटरनेटवरून बोलायला लागला, त्यांतल्या निम्म्या ठिकाणी वायर अण्णांनी ओढलेली. सरकारनं जुनी टेलिफोन एक्स्चेंज बंद केल्याला आता आठ वर्षं झाली होती. तेव्हापासून प्रत्येक कॉलनीचं आणि प्रत्येक दवाखान्याचं आपापलं जाळं होतं, आणि खोलीखोलीत भिंतीवर साबणाच्या वडीएवढा एक संच. संचाला बटण नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना बटण सापडत नाही, आणि सापडलं तर नको ते सापडतं. त्यामुळे आपल्या पत्त्यावर जो आवाज येईल तो संच मुकाट्यानं वाजवून दाखवायचा. कोण, कुठला, कशासाठी, असल्या चौकशा त्याला शिकवलेल्या नव्हत्या.

आज जोडायची होती ती कॉलनीचं जाळं आणि पन्हाळ्याच्या वाटेवरच्या मायछाया शुश्रूषा केंद्राचं जाळं. कॉलनीतली चौदा माणसं त्या केंद्रात खाटेवर होती. त्यांतल्या एक रत्नप्रभा, अण्णांची बायको. मांडीचं हाड मोडलं, ते सांधेपर्यंत हृदयानं कुरकुर सुरू केली, आणि खोली नंबर बेचाळीसमध्ये त्यांना आठ महिने झाले. अण्णा दर रविवारी एसटीनं जायचे. पण यंदाच्या श्रावणात केंद्रात तापाची साथ आली आणि भेटायला येणाऱ्यांना दार बंद झालं. खोल्यांमधून मोबाइलला आधीपासूनच बंदी. उरली ती भिंत. आणि भिंतीतून येणारा आवाज सार्वजनिक रस्त्यानं धक्के खात यायचा, तो येईपर्यंत निम्मा सांडायचा.

म्हणून ही थेट जोडणी. तीत एकच घोळ होता, आणि तो घोळ अण्णांचाच होता.

जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता असतो, घराला नंबर असतो तसा. सतरा नंबरचं घर जगातल्या प्रत्येक कॉलनीत असतं आणि त्याचा कुणाला त्रास नसतो. त्रास होतो तो दोन कॉलन्यांमधली भिंत पाडल्यावर. आता पोस्टमननं कुठल्या सतराला जायचं? म्हणून शहाणा माणूस हे पत्ते देताना जरा इकडचे तिकडचे देतो. अण्णांनी आयुष्यभर प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच माळ वाटली. ऑफिसला एक, मग दोन, तीन, चार, सरळ. "वही ठेवावी लागत नाही," ते अभिमानानं सांगायचे. "कुठंही जा, मला सगळं तोंडपाठ." आठ वर्षांपूर्वी केंद्राचं जाळं त्यांनीच विणलं होतं आणि त्यानंतर कॉलनीचं. दोन्हीकडं तीच माळ. अण्णांच्या घराचा नंबर सतरा. केंद्रातही सतरा नंबरची खोली होतीच.

यावरचा उपाय जुना आणि साधा. एका मांडवात दोन्हीकडचे बाळू आले की आपण एकाला 'आमचा बाळू' म्हणतो आणि दुसऱ्याला 'तुमचा बाळू'. अण्णांनी सीमेवर एक डबा बसवला. त्याचं काम एवढंच, की केंद्रातल्या बेचाळीसला कॉलनीपुरतं पाचशे बेचाळीस म्हणायचं, आणि कॉलनीतल्या सतराला केंद्रापुरतं आठशे सतरा. प्रत्येक पाकिटावरचा पत्ता खोडून त्यावर दुसरा घालायचा. कॉलनीतली मंडळी डब्याला दुभाषा म्हणायला लागली.

मग उद्घाटन. पहिला फोन चेअरमननी करायचा, आणि तो मानानं एक नंबरवरून एक नंबरला, म्हणजे कॉलनीच्या ऑफिसातून केंद्राच्या ऑफिसात. विश्वासराव भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"नमस्कार," ते म्हणाले.

"नमस्कार," भिंत म्हणाली.

"मी विश्वासराव निकम बोलतोय."

"मी विश्वासराव निकम बोलतोय."

"आवाज अगदी स्पष्ट येतोय."

"आवाज अगदी स्पष्ट येतोय."

"अगदी समोर बसून बोलल्यासारखं," विश्वासराव सभेकडं वळून म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. पलीकडं केंद्राचे व्यवस्थापकही त्याच वेळी स्वतःचा आवाज ऐकून भारावले होते. उद्घाटनाला दोन्ही बाजू तेच ते बोलतात, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

अण्णांना मात्र बारीकशी शंका आली. हा हॉलचा घुमारा आहे का? पण पाच वाजायला आले होते, आणि पाच ही रत्नाची वेळ. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा दोघांच्या घरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. पाचला बोलायचं, सहाला जेवायचं. अण्णांनी कागदावर 'तपासले' अशी खूण केली आणि घरी येऊन ते संचापुढं बसले.

"जेवलात का?" रत्ना म्हणाली.

एक चरा नाही, एक खड्डा नाही. आठ महिन्यांत इतका नितळ आवाज आला नव्हता. अण्णांची शंका गेली.

"अजून एक तास आहे जेवायला," ते म्हणाले. "तू कशी आहेस?"

"माझं काय. बरी आहे."

पंधरवडा असाच गेला, आणि तो कॉलनीच्या इतिहासातला सुवर्णकाळ ठरला. तक्रारवहीचं पान कोरं राहिलं. सहा नंबरच्या सूनबाईंनी अण्णांना रस्त्यात थांबवून सांगितलं, "अण्णा, काय जादू केलीत? आमच्या सासूबाई हल्ली टोमणे मारत नाहीत. मी म्हणेन त्याला 'बरं' म्हणतात." तिकडं केंद्रात दोन-तीन म्हाताऱ्यांनी भिंतीतून अनोळखी माणसं बोलतात असं सांगितलं. पण म्हाताऱ्यांना आवाज ऐकू येणं ही तिथं तक्रार धरत नसत, त्याला गोळी होती.

अण्णा घरात एकटे असायचे, पण आता त्यांना घर रिकामं वाटत नव्हतं. ते रत्नाला सगळं सांगायचे. देवळात कोण भेटलं, भाजीत मीठ विसरलं, मोगऱ्याला कळ्या आल्या. ती म्हणायची, "हो का? बरं झालं." दशलक्षण पर्वाचे दहा दिवस आले आणि गेले. अण्णांनी दोन उपास केले. ती म्हणाली, "बरं झालं."

पर्व संपल्यावर येतो तो क्षमावाणीचा दिवस. त्या दिवशी जैन माणूस लहानथोर सगळ्यांपुढं हात जोडतो आणि वर्षभरात कळत-नकळत जे दुखवलं असेल त्याची क्षमा मागतो. 'उत्तम क्षमा' म्हणायचं आणि पुढं जायचं. देवळाच्या दारात सकाळी शंभर माणसं शंभर माणसांना हे पाच मिनिटांत म्हणून मोकळी होतात.

रत्नाला ही पद्धत अजिबात पटत नसे. चव्वेचाळीस वर्षांत तिनं अण्णांना एकदाही घाऊक क्षमा मागू दिली नव्हती. "उत्तम क्षमा," ती पहिल्यांदा स्वतः म्हणायची, तो मान तिचा. मग म्हणायची, "आता काय चुकलं ते बोला. नुसते हात काय, सिग्नलवरचा माणूसही जोडतो." मग अण्णा डोकं खाजवून एखादी चूक आठवायचे. ती म्हणायची, "ही नव्हे. दुसरी आठवा." खरी चूक बाहेर आल्याखेरीज चहा मिळत नसे. आणि मग ती स्वतःची सांगायची, तीही इतकी नेमकी, की ऐकून अण्णांना वाईट वाटायचं.

यंदा अण्णांकडं एक होती. आठ महिने ती सांगायची राहिली होती.

पाच वाजता ते संचापुढं बसले. ती 'उत्तम क्षमा' म्हणेल म्हणून थांबले.

"जेवलात का?" रत्ना म्हणाली.

तिला दिवस कळला नसेल. खाटेवर पडलेल्या माणसाला तिथी कुठून आठवणार?

"आज क्षमावाणी," ते म्हणाले.

"हो का? बरं झालं."

मग अण्णांनीच हात जोडले. "रत्ना, उत्तम क्षमा. आणि काय चुकलं तेही सांगतो. डॉक्टर म्हणाले ना, की हिला घरी ठेवू नका, केंद्रात न्या. तेव्हा मी तुझ्यादेखत डोळे पुसले. पण मला सुटल्यासारखं झालं होतं. तू गेलीस त्या रात्री मी आठ तास झोपलो. कूस न बदलता. सकाळी उठलो तेव्हा मला बरं वाटत होतं. हे मी तुला सांगितलं नाही."

अण्णा हात जोडून तसेच बसले.

"असू दे हो," रत्ना म्हणाली. "जेवलात का?"

अण्णा बसल्या जागी गार पडले. रत्ना रागावली असती. रडली असती. 'आठ तास? मोजलेत का?' असं विचारलं असतं. ती रत्ना होती तर 'असू दे हो' म्हणालीच नसती. ज्या बाईनं चव्वेचाळीस वर्षांत साधी भाजी करपवल्याची क्षमा फुकट दिली नव्हती, ती ही एवढी मोठी गोष्ट अशी सहज सोडून देते?

त्यांना उद्घाटनाच्या दिवशीची शंका आठवली. त्यांनी लॅपटॉप काढला, दुभाष्याला जोडला, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा पाकीट फोडून आतलं पत्र वाचलं.

इंटरनेटवरचा फोन हा जुन्या वळणाचा पत्रलेखक आहे. पाकिटावर पत्ता असला तरी त्याचं समाधान होत नाही. पत्राच्या आतही तो कोपऱ्यात आपला मुक्काम लिहितो. 'मी घर नंबर सतरा, तुझा आवाज इथं पाठव.' दुभाषा पाकिटावरचा पत्ता इमानदारीनं बदलत होता. पण पत्र उघडून आतला पत्ताही बदलायचा, ही सोय वेगळी सुरू करावी लागते, आणि ती अण्णांनी सुरू केलेली नव्हती. त्यामुळे रत्नाच्या संचानं पत्र वाचलं, सतरा नंबर पाहिला, आणि तिचा आवाज भिंत ओलांडायच्या भानगडीत न पडता केंद्रातल्याच सतरा नंबरच्या खोलीत नेऊन ओतला. आणि अण्णांच्या संचानं 'बेचाळीस' वाचलं आणि त्यांचा आवाज याच कॉलनीतल्या बेचाळीस नंबरच्या घरात नेऊन ओतला. पंधरा दिवस रोज. उद्घाटनाला एक नंबरनं आतला 'एक' वाचला आणि विश्वासरावांचा आवाज त्यांच्याच कानावर परत ओतला, तोही असाच.

मग त्यांच्याशी बोलत होतं कोण?

तो रफू होता. आवाज जाळ्यातून येतो तो बारीक बारीक चिंध्या होऊन येतो, आणि त्यांतल्या काही वाटेत हरवतात. पूर्वीपासून संच ती भोकं अंदाजानं भरत आले आहेत. आधी सेकंदाचा शंभरावा भाग, मग अक्षर. अलीकडच्या संचांना माणसाची बोलायची ढब पाठ व्हायला लागली, आणि ते शब्दच्या शब्द, वाक्यच्या वाक्य असं भरू लागले, की जोड दिसू नये. कायद्यानं त्यांना बोलणं साठवायला बंदी होती, ढब साठवायला नव्हती. रफू दोन सेकंदांपेक्षा जास्त करू नये असाही दंडक होता. पण गेल्या पावसाळ्यात डोंगरावरची लाइन वारंवार जायची आणि फोनवरच्या शांततेला म्हातारी माणसं घाबरायची. तेव्हा केंद्राच्या व्यवस्थापकांनी गळ घातली, आणि अण्णांनी दोन्हीकडच्या संचांत त्या जागी 'मर्यादा नाही' असं लिहिलं. चांगल्या हेतूनं. आता भोक पंधरा दिवसांचं पडलं होतं आणि संचानं तेही भरलं होतं.

खात्री करायला हवी म्हणून अण्णांनी फोन तसाच चालू ठेवला आणि चपला घालून ते बेचाळीस नंबरकडं गेले. ते मगदुमांचं घर. मगदूम दोन वर्षांपूर्वी मुलीकडं कॅनडाला गेले ते परतलेच नव्हते. दाराला कुलूप आणि कुलपाला जाळं. संच चालू राहावा म्हणून संस्थेनं वीज तेवढी ठेवलेली. अण्णांनी बंद खिडकीला कान लावला. आत, अंधारात, संचातून अण्णांच्याच स्वयंपाकघरातला गळका नळ टपटपत होता.

म्हणजे मोगऱ्याच्या कळ्या इथं आल्या होत्या. आठ तासांची झोपही इथंच, मगदुमांच्या झाकून ठेवलेल्या सोफ्याला सांगितली गेली होती.

ते परत आले तेव्हा रिकाम्या घरात रत्ना बोलत होती. "ऐकताय ना?" ती विचारत होती. "अहो, ऐकताय ना?"

अण्णांनी हात पुढं केला, आणि तो तसाच राहिला. ही रत्ना नव्हे हे त्यांना कळत होतं. पण ही गप्प झाली की घरात कुणी उरणार नव्हतं, हेही कळत होतं.

"ऐकतोय," ते म्हणाले, आणि त्यांनी वायर उपसली.

मग मोबाइलवरून त्यांनी केंद्राच्या ऑफिसात फोन लावला. मुल्ला सिस्टर ड्यूटीवर होत्या.

"सिस्टर, चौगुले बोलतोय. बेचाळीस नंबरमध्ये जाऊन माझा एक निरोप सांगा. तिला म्हणावं, फोन बिघडला होता. तिनं काय काय सांगितलं ते मला ऐकूच आलेलं नाही. पुन्हा सांग म्हणावं."

"अण्णा, असं काय करता? बाईंची वाचा जाऊन सहा दिवस झाले की. झटका आला ना त्या पहाटे. उजवी बाजूही गेली."

"मला कुणी कळवलं नाही."

"तुम्ही रोज बोलताय ना त्यांच्याशी. इथं नोंद आहे. 'नातेवाइकांशी संपर्क: झाला, बावीस मिनिटं.' रोजची आहे. म्हणून वेगळं नाही कळवलं." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि किती समजूत घालता हो तुम्ही. 'काही घाई नाही, सावकाश बरी हो, मी आहे ना,' म्हणता. मी बाकीच्या सिस्टरना सांगते, नवरा असावा तर असा. बाई नुसत्या भिंतीकडं बघत ऐकत असतात."

अण्णांनी आयुष्यात बायकोला उद्देशून 'सावकाश' हा शब्द वापरला नव्हता. तिकडच्या संचानं त्यांचाही रफू केला होता, आणि जरा बऱ्या धाग्यानं.

दुभाषा नीट करायला त्यांना सात मिनिटं लागली. दोन्हीकडचा रफूही त्यांनी बंद केला. तोवर दिवस मावळला होता. ते न जेवता आडवे झाले.

सकाळी दहाच्या आत तक्रारवहीत सहा तक्रारी पडल्या. विश्वासराव स्वतः आले. "अण्णा, काल काय केलंत? लोक म्हणतात, पंधरा दिवस सगळं उत्तम चाललं होतं, आज फोन बिघडलाय. सहा नंबरच्या सूनबाई तर रडतायत."

"फोन दुरुस्त झालाय," अण्णा म्हणाले.

"मग पहिल्यासारखा बिघडवता येईल का?" विश्वासरावांनी अगदी मनापासून विचारलं.

अण्णा कोल्हापूरच्या एसटीत बसले.

साथ ओसरत आली होती. मुल्ला सिस्टरनी तोंडाला मास्क बांधून त्यांना आत सोडलं. बेचाळीस नंबरच्या खोलीत रत्ना उशांना टेकून बसवलेली होती. ओठ एका बाजूला ओघळलेले. अण्णांना पाहिल्यावर तिचा डावा हात चादरीवर जरा हलला. त्यांनी तो धरला. तिला किती समजतं, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, सांगता येत नाही.

पाच वाजायला आले तशी ती अस्वस्थ झाली. तिनं मान वळवली, कष्टानं, आणि भिंतीवरच्या संचाकडं पाहायला लागली.

संच गप्प होता.

"रत्ना, मी इथं आहे," अण्णा म्हणाले.

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. ओळखीच्या माणसाकडं पाहतात तसंच पाहिलं. मग पुन्हा भिंतीकडं.

त्यांना सावकाश बोलायचं होतं. 'काही घाई नाही,' असं म्हणायचं होतं. पण ते वाक्य आता त्यांच्या तोंडात दुसऱ्याचं उष्टं वाटत होतं. शेवटी त्यांनी हात जोडले आणि काल सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. डोळे पुसले ते, सुटल्यासारखं झालं ते, आठ तास ते. काल भिंतीला सांगताना ते सरळ बाहेर आलं होतं. आज तिच्या कानापाशी सांगताना तीन वेळा अडलं. ती ऐकत असेल तर संचाकडं बघत ऐकत होती. त्यांचं बोलून झाल्यावरही ती वाट बघत राहिली, कुणीतरी बोलायला लागेल म्हणून.

अण्णांनी तिच्या अंगावरची चादर सारखी केली आणि ते खोलीबाहेर आले. सहा दिवसांपूर्वीपर्यंत ती बोलत होती. नऊ-दहा दिवस बोलली होती, रोज वीस मिनिटं, त्यांच्याशी. ते सगळं कुणाच्या तरी कानावर पडलं होतं. ते नंबर वाचत वाचत सतरापाशी आले.

सतरा नंबरमध्ये धोंडीराम साळोखे होते, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. दोन्ही हातांत धरलेला चहाचा पेला त्यांनी बाजूला ठेवला.

"या की, बसा. नवीन पेशंट का?"

"नाही. बेचाळीस नंबरच्या बाई माझी बायको. तुम्हाला या भिंतीतून पाचच्या सुमाराला एका बाईंचा आवाज यायचा का?"

"मालिका व्हय?" साळोखेंचा चेहरा उजळला. "लई भारी मालिका. एकच बाई बोलायची. समोरचं माणूस गप. ती मधीच थांबायची, मधीच हसायची, त्यानं काय म्हटलं आसंल ते आपण वळखायचं. नवं टेक्निक. तुम्ही बघता का ती?"

"माझी चुकली," अण्णा म्हणाले. "काय काय झालं त्यात?"

"बारीकसारीकच हो. इथल्या आमटीला चव न्हाई. खिडकीत बुलबुल येतोय. नवऱ्याला म्हणायची, बनियन उलटा घालता तुम्ही, मी नसले की कोण सांगणार. आणि शेवटचा भाग म्हणाल तर..." साळोखेंनी गुडघा चोळला. "शेवटच्या भागात रडवलं बाईनं. म्हणती, यंदा क्षमेचा दिवस माझ्या हाती लागंल आसं वाटत न्हाई, म्हणून आजच मागून ठेवते. आणि काय चुकलं ते सांगून मागते."

अण्णा खाटेच्या कडेवर बसले.

"म्हणती, डॉक्टरनं तुम्हाला सांगितलं न्हवं, हिला घरात ठेवू नका म्हणून? ते डॉक्टरच्या मनातलं न्हवतंच. मी त्याच्या हातापाया पडून त्याला तसं सांगाय लावलं. तुम्ही मला उचलताना दात आवळून धरत हुता, मला दिसायचं. तुम्ही स्वतःहून कधी सोडलं नसतं. म्हणून खोटं बोलले. क्षमा करा." साळोखेंनी मान डोलावली. "काय डोकं आसतंय बघा लिहिणाऱ्याचं."

बाहेर ट्रॉलीची चाकं वाजत गेली.

"मग?"

"मग गप बसली. नवरा काय म्हणतोय ते ऐकत असंल. त्यानं बहुतेक चटकन माफ केलं, कारण ती म्हणाली, इतक्या लवकर? तुम्ही रागावला न्हाई? बाईला ते काय आवडलं न्हाई. मग म्हणाली, बरं, आता दुसरी गोष्ट. ही जरा अवघड हाय, मधी बोलू नका."

"काय होती दुसरी?"

साळोखेंनी मान खाली घातली. "माझा डोळा लागला की हो. चहा पिऊन पडलो हुतो. जाग आली तवा संपलं हुतं."

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवसापासनं बोलणंच बंद. नुसता श्वास ऐकू यायचा. लाइन खराब असंल म्हटलं."

अण्णा भिंतीवरच्या संचाकडं पाहत होते. तो रत्नाच्या खोलीतल्या संचासारखाच होता.

"नीट आठवून बघा," ते म्हणाले. "एखादा शब्द. कुणाचं नाव. काहीही."

"न्हाई आठवत." साळोखेंना या माणसाचा चेहरा पाहून काहीतरी करावंसं वाटलं. "पायजे तर मी सांगतो काय आसंल ते. पस्तीस वर्षं गाडी चालवली, पाठीमागं बसून बायकामाणसं काय काय बोलत्यात ते सगळं ऐकलंय. अंदाजानं जोडून देतो. तुम्हाला फरक कळायचा न्हाई."

"नको," अण्णा म्हणाले.

"बरं. ऱ्हाऊ दे." साळोखेंनी पेला पुन्हा उचलला, त्यात काही उरलंय का पाहिलं. "पण सिस्टर म्हणत्यात, बेचाळीसच्या बाईंचे मालकच इथल्या फोनांचं बघत्यात. खरं का?"

"हो. मीच बघतो."

"मग तेवढं एक करा. ती मालिका परत सुरू झाली तर साडेचारला लावा. पाचला चहा येतो, कपबशांच्या आवाजात धड ऐकू येत न्हाई."